साठीनंतरची धाप: दोष वयाचा किती, बसण्याचा किती?

साठी उलटली आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत जाताना धाप लागली, की ‘वयाप्रमाणे हे चालायचंच’ म्हणून विषय मिटवला जातो. यात तथ्य आहे, पण अर्धंच. जिना चढू लागलं की ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं हृदयाला ठोके वाढवायला लावतात. वयानुसार हृदय त्यांना पूर्वीइतकी दाद देत नाही, म्हणून ठोक्यांची कमाल मर्यादा दर दहा वर्षांनी साधारण सातने उतरते. नियमित धावणाऱ्यांचीही ती उतरतेच. मात्र तेवढ्यावरून रक्तपुरवठाही त्याच प्रमाणात घटतो, असं मानणं चूक आहे. निरोगी वृद्ध हृदय प्रत्येक ठोक्याआधी जास्त रक्त भरून घेतं आणि तूट बरीचशी भरून काढतं.

मग उरलेली धाप कुठून येते? अमेरिकेत डॅलस इथे 1966 साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. दमसास सर्वांत जास्त घटला होता तो त्या तीन आठवड्यांत. मधल्या तीस वर्षांनी केलेलं नुकसान त्याहून कमी निघालं. पुढे सहा महिन्यांच्या व्यायामाने पन्नाशीतल्या या माणसांचा दमसास विशीतल्या मूळ पातळीवर आला. ठोक्यांची कमाल मर्यादा वाढली नव्हती. स्नायू रक्तातला ऑक्सिजन अधिक चांगला शोषू लागले होते.

पाच माणसांवरून एवढा निष्कर्ष काढावा का, हा आक्षेप रास्त आहे. पण 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 45 ते 64 वयाच्या, बैठं जीवन जगणाऱ्या पन्नासहून अधिक लोकांवर दोन वर्षं प्रयोग झाला. आठवड्यातून चार-पाच दिवस दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांचा दमसास सुमारे 18 टक्क्यांनी वाढला आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याचा ताठरपणाही कमी झाला. योगासनं आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात हा फरक दिसला नाही. पासष्टीनंतर सुरुवात करणाऱ्यांवरच्या आधीच्या अभ्यासात दमसास सुधारला होता, पण ताठरपणा हटला नव्हता. म्हणजे उशिरा केलेला व्यायाम वाया जात नाही. लवकर केलेला मात्र जास्त देतो.

‘ठोके मोजून मिळालेत, व्यायामात ते खर्ची पडतात’ ही समजूत साध्या हिशेबात टिकत नाही. तासभर मिनिटाला 70 ऐवजी 120 ठोके पडले तर 3,000 जास्त होतात. पण सरावाने विश्रांतीचे ठोके मिनिटाला पाचने कमी झाले, तर उरलेल्या 23 तासांत 6,900 वाचतात. ठोक्यांची कमाल मर्यादा सांगणारं ‘220 वजा वय’ हे सूत्रही ढोबळच आहे. 2001 साली मांडलेल्या ‘208 वजा वयाच्या 0.7 पट’ या सूत्राने सत्तरीच्या माणसाची मर्यादा 150 नव्हे, 159 येते. तीही सरासरीच, व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. ठोके मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधं घेणाऱ्यांना तर दोन्ही सूत्रं लागू पडत नाहीत. त्यांनी चालताना बोलता येतंय का, हे पाहावं.

व्यायाम करतानाच हृदयविकाराचा झटका आल्याच्या बातम्या खोट्या नसतात. जोराच्या श्रमात धोका क्षणिक वाढतो, पण तो सर्वाधिक वाढतो तो सवय नसलेल्यांचा. म्हणून व्यायाम हळूहळू वाढवत नेणं हाच त्यावरचा उपाय. नव्याने लागणारी धाप, छातीत दडपण किंवा चक्कर असेल, तर आधी डॉक्टरांची तपासणी हवी. वयाच्या नावावर बैठेपणा खपतो, तसा आजारही खपून जातो, आणि या दोन्हींवर इलाज आहे.