आपल्याच रक्तांतील पहारेकरी

कर्करोगाचें निदान झालें म्हणजे जनाबाईच्या गंगाखेडासारख्या गोदातीरच्या गांवांतून वडील मंडळींपुढें दोन प्रश्न उभे राहतात : मुंबईस जावें काय, आणि त्यासाठीं शेत विकावें काय? रक्तांतील पेशींच्याच साहाय्यानें कर्करोग बरा करणाऱ्या ‘कार-टी’ चिकित्सेची वार्ता कानीं आल्यापासून तर हा विचार अधिकच निकडीचा झाला आहे. तेव्हां ही चिकित्सा आहे तरी काय, हें घरांतील सर्वांनीं समजून घेणें अवश्य आहे.

रक्तांतील ‘टी’ नांवाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. जंतूंनीं पछाडलेल्या पेशी ओळखून त्या त्यांचा नाश करतात. परंतु कर्कपेशी ही परकी नव्हे. ती घरांतलीच बिघडलेली, म्हणून पहारेकरी पुष्कळदां फसतात. या चिकित्सेंत रोग्याचें रक्त यंत्रांतून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात, व रोग उत्पन्न करण्याची शक्ति नाहींशी केलेल्या विषाणूच्या द्वारें त्यांत नवें जनुक घालतात. त्यामुळें शत्रूच्या अंगावरील ‘सी. डी. १९’ ही खूण नेमकी पकडणारा जणुं एक हातच त्यांना फुटतो. अशा पेशी प्रयोगशाळेंत पुष्कळ वाढवून शिरेवाटें रोग्यास परत देतात.

अमेरिकेंत या चिकित्सेस २०१७ सालीं मान्यता मिळाली. पण खर्च कोट्यवधि रुपयांचा! पवईच्या आय. आय. टी.तील प्रा. राहुल पुरवार व टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉक्टर यांनीं ती येथेंच सिद्ध केली, ही गोष्ट खरोखर अभिमानाची होय. ‘नेक्सकार-१९’ या नांवानें तिला ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारी परवानगी मिळाली, व ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांनीं ती राष्ट्रास अर्पण केली. परदेशच्या मानानें खर्च सुमारें दशमांश. तथापि तोही लाखांतच मोजावा लागतो.

आतां जें वार्तेबरोबर येत नाहीं तें सांगतों. ही चिकित्सा रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कांहीं ठराविक कर्करोगांसाठींच, आणि तीही नेहमींचे उपचार निष्फळ झाल्यावर किंवा रोग उलटल्यावर. स्तनाच्या, गर्भाशयाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगावर तिचा उपयोग नाहीं. (तोंडाच्या रोगापुरतें बोलायचें तर घरांतील तंबाखूची चंची आजच फेंकून देणें कितीतरी स्वस्त!) २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचण्यांत गुण पाहण्याजोग्या ५१ रोग्यांपैकीं ३७ जणांस गुण दिसला, पण त्यांतल्या कांहींचा रोग पुढें परतला, आणि उपचार घेतलेल्यांपैकीं दोघे उपचाराच्याच परिणामानें दगावले. ‘सी. डी. १९’ ही खूण निरोगी ‘बी’ पेशींवरहि असते. त्याही मारल्या जातात व जंतुबाधेचें भय पुढें बरेच दिवस राहतें.

म्हणून शेताचा सौदा करण्यापूर्वीं डॉक्टरांस स्पष्ट विचारावें : रोग नेमका कोणत्या जातीचा? पेशींवर ती खूण आहे काय? दुसरा कोणता उपचार शिल्लक आहे? रुग्णालयांतील मुक्कामाचा खर्च वेगळा किती? पेशी तयार होऊन येण्यास कांहीं आठवडे लागतात. तोंवर रोग आवरून धरतां येईल काय, हेंही विचारावें.