जमिनीवरच्या आमरींची नवी वंशावळ

ऑर्किस ही युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात जमिनीवर वाढणाऱ्या आमरींची प्रजाती आहे. कार्ल लिनीयसने 1753 साली वनस्पतींच्या नामकरणाचा पाया घालणाऱ्या आपल्या ग्रंथात ती नोंदवली. आज सुमारे 28,000 जाती असलेल्या संपूर्ण आमर कुलाचे शास्त्रीय नाव तिच्यावरूनच पडले. महाराष्ट्रात आमरी म्हटले की झाडाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी आठवते. ऑर्किसचे तसे नाही. ती कुरणात, झुडपांच्या कडेला, चुनखडीच्या उतारांवर उगवते. जमिनीखाली तिचे दोन कंद असतात. त्यांपैकी जुना यंदाचा फुलोरा पोसून सुरकुतत जातो, तर नवा टणक असून पुढच्या वर्षासाठी अन्न साठवत असतो. वसंतात पानांमधून एकच दांडा वर येतो आणि त्यावर जांभळ्या, गुलाबी, क्वचित पिवळसर फुलांचा तुरा धरतो.

जवळजवळ अडीच शतके या गटाची विभागणी फुलावरून होत राहिली. आमरीच्या फुलात एक पाकळी ओठासारखी पुढे आलेली असते, तिच्या मागे बहुधा पोकळ शुंडिका लोंबते, आणि पराग सुटे नसून त्यांचे पिंड बनलेले असतात. प्रत्येक पिंडाला देठ, देठाच्या बुडाशी चिकट चकती. ओठाला किती पाळ्या, शुंडिका किती लांब, चकत्या दोन की एकच, यांवरून प्रजाती ठरत. शुंडिका नाही म्हणून एक आमरी ॲसेरास या स्वतंत्र प्रजातीत गेली. दोन परागपिंड एकाच चकतीवर बसतात म्हणून 1817 साली पिरॅमिडच्या आकाराचा तुरा असलेल्या दुसऱ्या एका आमरीसाठी ॲनाकॅम्प्टिस ही प्रजाती मांडली गेली. उरलेल्या बऱ्याच जाती ऑर्किसमध्ये राहिल्या.

फुलाचे हे अवयव कशासाठी असतात हे चार्ल्स डार्विनने 1862 सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले. ऑर्किस मॅस्क्युला या जातीच्या फुलात त्याने टोकदार पेन्सिल हळूच सारली. ती बाहेर काढली तेव्हा तिला परागपिंड चिकटलेला होता, अगदी ताठ उभा. साधारण तीस सेकंदांत तो पुढे झुकून आडवा झाला. उभा पिंड पुढच्या फुलात नेला तर तो त्या फुलाच्या परागपिंडांच्या जागी जाऊन थडकेल. आडवा झालेला मात्र बरोबर कुक्षीच्या चिकट पृष्ठावर टेकतो. वाकायला लागणाऱ्या तेवढ्या वेळात कीटक दुसऱ्या फुलापर्यंत पोचलेला असतो. पिरॅमिडी तुऱ्याच्या आमरीत ती एकुलती चकती पतंगाच्या सोंडेला वेढा घालून घट्ट बसते. डार्विनच्या ग्रंथातल्या एका चित्रातील पतंगाच्या सोंडेवर अशा सात जोड्या अडकलेल्या दिसतात.

वर्गीकरणाची अडचण याच कौशल्यात आहे. शुंडिका, ओठ आणि चकती हे अवयव थेट कीटकाशी जुळलेले असल्यामुळे कीटक बदलला की तेही झपाट्याने बदलतात. लांबचे नातलग एकाच प्रकारच्या कीटकावर अवलंबून राहिले तर त्यांची फुले सारखी होत जातात, आणि सख्खी भावंडे वेगळ्या कीटकांच्या वाटेला गेली तर ओळखू येईनाशी होतात. म्हणजे फुलावरून काढलेले नाते हे कित्येकदा फक्त परागणाच्या सवयीचे साम्य असते.

शंका घेण्याजोग्या खुणा आधीपासून होत्या. ऑर्किसमधल्या काही जातींच्या पेशींत 42 गुणसूत्रे, तर काहींच्या पेशींत 36. एकाच प्रजातीत असे दोन वेगळे संच असणे खटकणारे होते. संकरांचीही साक्ष तीच होती. शुंडिका नसलेली ॲसेरास आणि ऑर्किस मिलिटारिस यांचे संकर निसर्गात सहज सापडतात, आणि दोघींची गुणसूत्रे 42. उलट ऑर्किस मोरिओ या 36 गुणसूत्रांच्या जातीचे संकर सेरापियास या दिसायला अगदी वेगळ्या, पण 36 गुणसूत्रांच्याच प्रजातीशी होत. पुस्तकांतल्या कुंपणांना वनस्पती दाद देत नव्हत्या. तरीही फुलाच्या पुराव्यापुढे गुणसूत्रांचा पुरावा दुय्यम मानला गेला.

ही कोंडी डीएनएने फोडली. पद्धत ऐकायला किचकट वाटली तरी तिची सुरुवात अगदी साधी आहे. पानाचा नखाएवढा तुकडा खुडून सिलिका जेलच्या दाण्यांत ठेवला की तो लवकर सुकतो आणि त्यातला डीएनए टिकतो. झाड उपटावे लागत नाही. प्रयोगशाळेत तो तुकडा कुटून डीएनए वेगळा करतात, पीसीआर तंत्राने हवा तेवढाच भाग लाखो पटींनी वाढवतात आणि त्यातल्या ए, टी, जी, सी या चार घटकांचा क्रम वाचतात. ऑर्किसच्या अभ्यासासाठी निवडलेला भाग केंद्रकातला होता. रायबोसोम घडवणाऱ्या जनुकांच्या मधल्या या पट्ट्याला संशोधक आयटीएस म्हणतात. त्याची लांबी सहाशे-सातशे अक्षरे. शेजारची जनुके पेशीला अत्यावश्यक असल्याने फारशी बदलत नाहीत, मधला पट्टा मात्र बराच मोकळेपणाने बदलतो. त्यामुळे दोन टोकांना पकडायला स्थिर जागा मिळते आणि मध्ये वाचण्यासारखा फरक मिळतो. शिवाय पेशीत त्याच्या प्रती पुष्कळ असतात, त्यामुळे थोड्याशा नमुन्यातूनही तो हाती लागतो.

क्रम मिळाल्यावर नाते काढायची रीत ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या अभ्यासकाच्या रीतीसारखी असते. नक्कल करताना लेखनिकाकडून एखादा अपपाठ शिरला की त्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत तो येतो. दोन पोथ्यांत मूळचा शुद्ध पाठ आहे एवढ्यावरून त्या जवळच्या ठरत नाहीत, कारण तो कुठल्याही शाखेत टिकू शकतो. दोघींत एकच अपपाठ असेल तर मात्र त्यांचे मूळ एक असण्याचा संभव मोठा. डीएनएतही पूर्वजापासून जसेच्या तसे चालत आलेले अक्षर काही सांगत नाही. नंतर बदललेले आणि काही जातींनी मिळून जपलेले अक्षर महत्त्वाचे. असे अनेक बदल एकत्र ताडून, गटाबाहेरच्या जातीशी तुलना करून, कमीत कमी बदलांत बसणारी वंशावळ संगणक मांडतो.

1997 साली रिचर्ड बेटमन, ॲलेक प्रिजन आणि मार्क चेस यांनी अशी वंशावळ प्रसिद्ध केली, आणि ऑर्किसचे तीन तुकडे पडले. पहिल्या तुकड्यात ऑर्किस मॅस्क्युला आणि ऑर्किस मिलिटारिस यांच्याजवळच्या जाती राहिल्या. शुंडिका नसलेली ॲसेरासही त्यांच्याच मध्ये येऊन बसली. दुसऱ्या तुकड्यातल्या मोरिओ, लॅक्सिफ्लोरा, कोरिओफोरा, पॅपिलिओनेसिया या जाती पिरॅमिडी तुऱ्याच्या ॲनाकॅम्प्टिसच्या सख्ख्या निघाल्या. तिसऱ्या तुकड्यातल्या उस्टुलाटा, ट्रायडेंटाटा, लॅक्टिया या जाती निओटिनिया या जवळजवळ एकट्या पडलेल्या प्रजातीच्या बहिणी ठरल्या. ॲनाकॅम्प्टिसचा गट तर बाकीच्या ऑर्किसपेक्षा सेरापियास आणि मधमाशीसारख्या फुलांच्या ऑफ्रिसला जवळचा होता. 36 आणि 42 गुणसूत्रांची जुनी खूण, संकरांची साक्ष आणि नवे क्रम यांचा मेळ बसला. स्वतंत्रपणे मिळालेले पुरावे एकाच ठिकाणी पोचले, हे या कामाचे खरे बळ आहे; केवळ डीएनए आला म्हणून ते ग्राह्य ठरले नाही.

यानंतर प्रश्न नावांचा होता. आधुनिक वर्गीकरणाचा दंडक असा की, प्रजातीत एका पूर्वजाचे सगळे वंशज असावेत, त्यांतला एकही बाहेर राहू नये आणि परका आत नसावा. जुनी ऑर्किस या कसोटीला उतरत नव्हती. ती तशीच ठेवायची तर सेरापियास, ऑफ्रिस आणि इतर अनेक परिचित प्रजाती तिच्यात ओतून एक अवाढव्य प्रजाती करावी लागली असती. बेटमन आणि सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग घेतला. ॲनाकॅम्प्टिस आणि निओटिनिया यांची कक्षा वाढवून त्यांनी जाती तिकडे हलवल्या आणि ॲसेरास ऑर्किसमध्ये विलीन केली. ऑर्किस मोरिओ आता ॲनाकॅम्प्टिस मोरिओ, ऑर्किस उस्टुलाटा आता निओटिनिया उस्टुलाटा. काही युरोपीय अभ्यासकांनी यास विरोध केला आणि प्रजातींचे आणखी लहान तुकडे सुचवले. वंशावळीबद्दल वाद कमी होता. कुठल्या फांदीला प्रजाती म्हणायचे यावर मतभेद होते, आणि तो निर्णय डीएनए देत नाही, माणसेच देतात. बहुतेक सूची आणि क्षेत्रपुस्तिकांनी मात्र नवी नावे स्वीकारली. जुन्या पुस्तकांसह काम करणाऱ्याला दोन्ही नावे माहीत असावी लागतात.

शेजारच्या डॅक्टिलोऱ्हायझा प्रजातीने या पद्धतीची मर्यादा दाखवली. तिचे कंद गोल नसून हाताच्या बोटांसारखे फाटलेले असतात. डॅक्टिलोऱ्हायझा फुक्सी आणि डॅक्टिलोऱ्हायझा इन्कार्नाटा या दोन जातींत 40-40 गुणसूत्रे आहेत. त्यांच्या संकरातून आणि गुणसूत्रे दुप्पट होण्यातून 80 गुणसूत्रांच्या नव्या जाती उपजल्या. डॅक्टिलोऱ्हायझा मजालिस ही त्यांतली प्रमुख. येथे एकाच भागाचा क्रम वाचून भागत नाही. केंद्रकातला डीएनए आई आणि बाप दोघांकडून येतो, तर हरितलवकातला डीएनए या वनस्पतींत आईकडूनच येतो. दोन्ही वाचल्यावर दिसले की आई बहुतेक वेळा फुक्सीच्या बाजूची आणि बाप इन्कार्नाटाच्या बाजूचा. त्याहून विलक्षण म्हणजे ही घटना एकदाच घडलेली नाही. मजालिस, ट्राउनश्टायनरी आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरची एब्यूडेन्सिस या तिन्ही जाती त्याच दोन पालकवंशांपासून वेगवेगळ्या काळात स्वतंत्रपणे जन्मल्या. फांद्या फक्त फुटत जाणाऱ्या वंशावळीत असा इतिहास मावत नाही, कारण येथे फांद्या पुन्हा एकमेकींना मिळतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या तीन जातींतला फरक अक्षरांच्या क्रमापेक्षा डीएनएवरच्या रासायनिक खुणांत, म्हणजे कुठले जनुक किती चालावे यावर परिणाम करणाऱ्या खुणांत, अधिक स्पष्ट दिसतो असे दाखवले. त्या खुणा त्यांच्या अधिवासांच्या ओलाव्याशी आणि तापमानाशी जुळत होत्या.

ऑफ्रिसचा वाद आणखी तीव्र आहे. या फुलात मकरंद नसतो. त्याचा ओठ मादी मधमाशीसारखा दिसतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला तिचा वास असतो. नर माशी ओठाशी समागमाचा प्रयत्न करते आणि परागपिंड घेऊन जाते. ऑफ्रिस स्फेगोडिस आणि अँड्रिना नायग्रोएनिया या माशीवर 1999 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही नक्कल मेणासारख्या साध्या हायड्रोकार्बनांच्या मिश्रणाने होते हे सिद्ध केले. रेणूतल्या एका दुहेरी बंधाची जागा सरकली तरी वेगळी माशी आकर्षित होते. प्रत्येक माशीमागे एक जात मानली तर ऑफ्रिसच्या जाती अडीचशेच्या घरात जातात, आणि काही तज्ज्ञांनी तेवढ्या मानल्याही. बेटमन आणि सहकाऱ्यांनी 2018 साली जीनोमभर विखुरलेल्या हजारो जागा वाचून नऊच ठळक गट सापडल्याचे दाखवले. त्या नऊ गटांच्या आतल्या बऱ्याच तथाकथित जाती जनुकांवरून एकमेकींपासून सुट्या होत नाहीत. एखादे जनुक बदलून वास बदलला की परागण तुटू लागते, पण बाकीचा जीनोम वेगळा व्हायला खूप अधिक काळ लागतो. फुटू पाहणाऱ्या टप्प्यावरच्या या वनस्पतींना जात म्हणायचे का, हा खरा प्रश्न आहे, आणि नऊच्या बाजूने पुरावा अधिक भक्कम आहे.

हे सगळे संशोधन बाजारापर्यंतही पोचले आहे. ऑर्किस, ॲनाकॅम्प्टिस, डॅक्टिलोऱ्हायझा यांचे कंद उकळून, वाळवून, दळून तुर्कस्तानात आणि इराणमध्ये सालेप नावाची पूड बनवतात. भारतात काष्ठौषधीच्या दुकानांत सालममिश्री आणि सालमपंजा या नावांनी असे कंद विकले जातात. सालमपंजा ही हिमालयातली डॅक्टिलोऱ्हायझा हटागिरिया. सालममिश्रीच्या नावाखाली मात्र ऑर्किसपासून दूरच्या, आमर कुलाच्याच दुसऱ्या शाखेतल्या युलोफियाचे कंदही खपतात. सह्याद्रीत अमरकंद म्हणतात ती युलोफियाच. वाळलेल्या कंदाला ना पान ना फूल, त्यामुळे डोळ्यांनी जात सांगणे अशक्य. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इराणच्या 12 शहरांतून विकत घेतलेले 150 कंद डीएनएवरून तपासले गेले. सर्वांत जास्त कंद ऑर्किसचे निघाले, त्याखालोखाल ॲनाकॅम्प्टिस आणि डॅक्टिलोऱ्हायझाचे. आयटीएस या एका पट्ट्यावरून दोन तृतीयांश कंदांची जात निश्चित करता आली. 1997 ची वंशावळ नसती तर या नोंदींना ठेवायला बरोबर खाने नसते.

आमर कुलातल्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस करारान्वये नियंत्रित आहे, पण कंदाच्या पुड्यावर जातीचे नाव क्वचितच असते. औषधासाठी कंद काढला की बहुधा ते झाड संपते, आणि बीपासून फुलापर्यंत पोचायला नव्या रोपाला कित्येक वर्षे लागतात. म्हणून सालममिश्री किंवा सालमपंजा घेणाऱ्याने दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात: कंद कुठल्या जातीचा आहे, आणि तो लागवडीतला आहे की रानातला. दोन्हींची उत्तरे मिळत नसतील तर तो कंद घेऊ नये.