मांडीवर की सीटवर?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आधीच कबूल करते. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी आजीकडून ऐकलेलं आणि होस्टेलवर तुमच्याकडून उचललेलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण ज्यांच्यापर्यंत तो पोहोचायला हवा ते माझ्या घरचेच लोक आहेत.

गोष्ट अशी. सबमिशनची आदली रात्र, साडेअकरा वाजलेले, आणि न्यू जर्सीहून ताईचा फोन. ती दिवाळीला गावी येणार होती. सोबत माझा भाचा, वय पावणेदोन वर्षं, वजन ११ किलो. ताई म्हणाली, "तू मेकॅनिकलची ना? मग सांग, विमानात याच्यासाठी कुठली सीट घेऊ? आणि घेऊ तरी का? मांडीवर बसवला तर तिकीट अगदी थोडक्यात पडतं!"

तीन वर्षांत इंजिनिअरिंगचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग! मी म्हटलं, "दोन दिवस दे."

आमचं गाव नरसी नामदेव, हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठावर. संत नामदेव महाराजांचं जन्मगाव म्हणून पंजाबातले शीख यात्रेकरूसुद्धा इथे येतात. पण ताईचं विमान काही नरसीत उतरणार नव्हतं. तिचा प्रवास न्यू जर्सी, दुबई, हैदराबाद असा. पुढे देगलूर, नांदेड, वारंगा फाटा, कळमनुरी, हिंगोली असा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. हा रस्ता लक्षात ठेवा, कारण माझं सगळं उत्तर शेवटी त्याच्यावरच येऊन थांबलं.

आधी थोडं गणित

आजीचं म्हणणं सरळ होतं. "लेकरू मायच्या मांडीवर नसंल तर कुठं असंल? माय सोडती का लेकराला?" माय सोडत नाही हे खरंच आहे. पण हाताला किती वजन पेलतं?

समजा गाडी ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने चालली आहे आणि ती कशाला तरी धडकली. गाडीचं नाक चेपायला आणि बेल्ट ताणायला मिळून थांबण्यासाठी ६० सेंटिमीटर अंतर मिळालं असं धरा. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, हे सूत्र आपण अकरावीतच पाठ केलंय. २२५ भागिले १.२ म्हणजे जवळजवळ १८८. गुरुत्वाकर्षणाच्या १९ पट! म्हणजे ११ किलोचं पोरगं त्या क्षणी २०९ किलोचं होतं. हिंगोलीच्या मोंढ्यात दोन क्विंटल हळद कशी दिसते ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तेवढी हळद पाव सेकंदसुद्धा हातांनी धरून दाखवा. आणि इथे तर सगळा खेळ ०.०८ सेकंदात संपतो. वेग दुप्पट झाला, अंतर तेवढंच राहिलं, तर भार चौपट.

यात आईच्या प्रेमाचा काही प्रश्नच नाही. प्रश्न फक्त न्यूटनचा आहे.

त्यात आईने आपलाच बेल्ट बाळासकट लावला तर आणखी वाईट. आईचं वजन मागून येतं, बेल्ट पुढून आवळतो आणि बाळ मधल्या मध्ये चेपलं जातं.

विमानात काय होतं?

विमानाची धडक क्वचित होते. पण हवेतले हादरे क्वचित नसतात. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान हवेत जोरात हादरलं. प्राथमिक तपासात दिसलं की ०.६ सेकंदात भार अधिक १.३५ पासून उणे १.५ पर्यंत गेला. उणे म्हणजे काय? म्हणजे माणूस सीटवरून छताकडे फेकला जातो. बेल्ट न लावलेले लोक खरंच वर उडाले. एक प्रवासी दगावला आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. अशा वेळी मांडीवर झोपलेलं बाळ कुठे जाईल, सांगा.

दुसरं उदाहरण जुनं आहे. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटी इथे युनायटेडचं डीसी-१० विमान कोसळलं. विमानात २९६ जण होते, त्यातले ११२ गेले. मांडीवर बसून प्रवास करणारी चार लेकरं होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी आईबापांना सांगितलं, की बाळांना खाली जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. चारपैकी एक वाचलं नाही. त्यानंतर प्रत्येक बाळाला स्वतंत्र सीट आणि बेल्ट हवाच, यासाठी जॅन ब्राउन कित्येक वर्षं झगडल्या.

तरीही अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने २००५ मध्ये ही सक्ती करायचं नाकारलं. कारण ऐकण्यासारखं आहे. बाळाचं तिकीट सक्तीचं केलं तर खर्च वाढेल, काही कुटुंबं विमान सोडून कारने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा जास्त लेकरं मरतील! सक्ती नाही, पण बाळाला सीटवर बांधा असं तेच खातं आजही आग्रहाने सांगतं. मला या निर्णयातून एकच गोष्ट कळली. विमानवाल्यांनासुद्धा रस्त्याचीच भीती जास्त वाटते.

मग निवडायचं काय?

ताईसमोर तीन पर्याय होते.

पहिला, मांडी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हे चालतं. काही देशांत आईच्या बेल्टला अडकवायचा एक छोटा जोडबेल्ट देतात. अमेरिकेत तो चालत नाही, कारण धडकेत सगळा भार बाळाच्या पोटावर येतो. आणि एक व्यवहाराची गोष्ट. परतीच्या आधी बाळाला दोन वर्षं पूर्ण होत असतील तर परतीचं स्वतंत्र तिकीट घ्यावंच लागतं. भाच्याचा वाढदिवस गावीच होणार होता, म्हणजे निम्मा खर्च तसाही होणारच होता!

दुसरा पर्याय, केअर्स नावाचा पट्टा. विमानाच्या सीटच्या पाठीला वळसा घालून बसवायचा, मग बाळाच्या दोन्ही खांद्यांवरून पट्टे येतात. वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास, पर्समध्ये मावतो. १० ते २० किलोच्या आणि एक मीटरपर्यंत उंचीच्या मुलांना चालतो. ताईचं मन यावरच बसलं होतं. पण तो फक्त विमानात चालतो, गाडीत वापरायचाच नाही. म्हणजे हैदराबादला उतरलं की त्याचं काम संपलं, आणि तिथूनच तर खरा धोका सुरू!

तिसरा, गाडीचीच बाळसीट विमानात न्यायची. जड आहे, ओढाताण आहे, पण ती दोन्हीकडे चालते. मी ताईला हीच घ्यायला सांगितलं. विकत घेताना बघायच्या गोष्टी लिहून पाठवल्या त्या अशा:

१. शिक्का. अमेरिकेतल्या सीटवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही मोटार आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित आहे. त्यासाठी सीट बाहुलीसकट उलटी करून बघतात, बाहुली पडते का ते. हवेतल्या हादऱ्यांसाठीच ही परीक्षा.

२. बेल्ट. विमानात फक्त कमरेचा पट्टा असतो. गाडीतल्यासारखा खांद्यावरचा पट्टा नाही, आयसोफिक्सचे हूकही नाहीत. म्हणून नुसत्या कमरेच्या पट्ट्याने घट्ट बसेल अशीच सीट हवी. आपल्याकडच्या किंवा युरोपातल्या कित्येक सीटना तीन टोकांचा बेल्ट किंवा आयसोफिक्सच लागतं. नुसती उंची वाढवणारी, स्वतःचे पट्टे नसलेली बूस्टर सीट तर विमान उडताना-उतरताना चालतच नाही.

३. रुंदी. १६ इंच, म्हणजे साधारण ४१ सेंटिमीटर रुंद सीट बहुतेक विमानांत बसते. दुकानात टेप घेऊनच जा. आणि तिकीट काढतानाच विमान कंपनीला सीटचं नाव आणि मापं कळवून होकार घ्या.

४. वजन. हलक्या सीट पाच किलोच्या आत मिळतात. कडेवर पोर, खांद्यावर बॅग आणि हातात सीट घेऊन दुबईचं विमानतळ चालायचं आहे, हे विसरू नका.

५. तोंड कुठे? लहान मुलाचं डोकं जड आणि मान नाजूक असते. उलट्या तोंडाने बसवलं तर धडकेचा भार मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतो. म्हणून सीटची मर्यादा संपेपर्यंत उलटंच बसवावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मात्र गाडीत पुढच्या एअरबॅगसमोर अशी सीट कधीही नको.

६. जुनी नको. कुणी वापरलेली, अपघात पाहिलेली, तारीख उलटलेली सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये.

विमानात ही सीट खिडकीशी लावतात, म्हणजे बाकीच्यांना बाहेर पडायला अडथळा होत नाही. ताईच्या पुढच्या सीटवरच्या काकांना पाठ मागे रेलता येईना, तेव्हा ते थोडे कुरकुरले. पण भाचा आपल्या ओळखीच्या सीटवर मस्त झोपला आणि ताईला कितीतरी महिन्यांनी सलग चार तास हात मोकळे मिळाले. हा फायदा माझ्या गणितात नव्हता!

हैदराबाद ते नरसी

घ्यायला मी आणि बाबा भाड्याची गाडी घेऊन गेलो होतो. पार्किंगमध्ये सीट बसवली तर ती डुगडुगायला लागली. माझा चेहरा पडला. कारण असं, की अमेरिकेतल्या गाड्यांचा बेल्ट पूर्ण ओढून सोडला की लॉक होतो. आपल्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट फक्त झटका बसला तरच लॉक होतो, एरवी सैल सुटत राहतो. यासाठी सीटमध्येच बेल्ट आवळणारी खिट्टी असावी लागते, नाहीतर इंग्रजी एच आकाराची एक धातूची क्लिप लागते. क्लिप मी यादीत लिहिली होती आणि ताईने आणलीही होती. ती लावली, गुडघा देऊन सीट दाबली, बेल्ट ओढला. बेल्ट जातो तिथे धरून हलवल्यावर सीट एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये, ही कसोटी. झाली पास. ड्रायव्हरकाका म्हणाले, "एवढं कशाला मॅडम, आपण हळूच जाऊ."

देगलूर गेलं, नांदेड गेलं. अंधार पडला. वारंगा फाट्याच्या पुढे उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्यात उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. काकांनी करकचून ब्रेक मारला. गाडी ट्रॉलीपासून चार-पाच हातांवर थांबली. मागच्या सीटवर माझ्याजवळ ठेवलेली पाण्याची लिटरची बाटली दोन सीटच्या मधून उडाली आणि डॅशबोर्डवर आदळली. भाचा जागा झाला, इकडे तिकडे बघितलं आणि परत झोपला.

गाडीत कुणीच काही बोललं नाही. ताई त्या बाटलीकडे बघत होती. मीपण.

आपण काय करायचं?

आपल्याकडे कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बाळसीटने न बांधता गाडी चालवली तर १००० रुपये दंड. दुचाकीवरच्या ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी पट्टा, हेल्मेट आणि जास्तीत जास्त ताशी ४० चा वेग, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. भारत एनकॅपच्या गाड्यांच्या चाचणीतसुद्धा दीड आणि तीन वर्षांच्या मुलाएवढ्या बाहुल्या बसवतात. पण मागे बसलेली मोठी माणसंच बेल्ट लावत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले. त्यानंतर महिनाभर सगळे मागच्या बेल्टबद्दल बोलत होते. आता?

मला माहीत आहे, सीट काही हजारांची येते आणि आपल्या गावाकडे चारचाकीच नाही अशी घरं कितीतरी आहेत. खरं सांगायचं तर दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे शेजाऱ्यांच्या रिक्षातून देवळात गेलो आणि भाचा ताईच्या मांडीवरच होता. रिक्षात सीट कशाला बांधणार? तेव्हा मी काही फार मोठी सुधारक वगैरे नाही. पण जिथे बेल्ट आहे, तिथे तरी लावू या ना. सुट्टीत गावी जाताना दादा-वहिनींच्या गाडीत पोरगं पुढच्या सीटवर मांडीत बसलेलं दिसलं, तर निदान त्याला मागे घ्यायला सांगा. दोन क्विंटल हळदीचं गणित सांगा. आपल्या लोकांना क्विंटल लगेच कळतो.

आजीला ते कळलं. आधी ती म्हणाली होती, "लेकराला खुर्चीला बांधून आणलं व्हय गं?" बाबांनी बाटलीची गोष्ट सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसली. ताई परत निघाली त्या दिवशी गाडीत सीट बसवत होते, तर आजी दारातून म्हणाली, "हलवून बघ गं. सैल न्हाई ना?"

मी हलवून बघितली. सैल नव्हती.