एका अधिकाऱ्याचा अहवाल आणि हरसूलचा मुलूख

शासकीय सेवेतील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कारकिर्दीचे मोजमाप बहुधा त्याने भूषविलेल्या पदांवरून केले जाते. परंतु एखादी नेमणूक व तीतून सिद्ध झालेला एखादा अहवालही त्या कारकिर्दीस चिरस्थायी अर्थ प्राप्त करून देतो. डी. सिमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्यांचे कार्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

नाशिक जिल्ह्यातील हरसूल हे जुन्या पेठ संस्थानाच्या डोंगराळ मुलखातील गाव. कोकणा, वारली, महादेव कोळी या जमातींची येथे वस्ती आहे. १८७८ मध्ये हे संस्थान ब्रिटिश अमलाखाली आले. पुढे १९३५ च्या कायद्यान्वये कळवण तालुका व पेठ पेटा यांची गणना अंशतः अपवर्जित क्षेत्रांत झाली. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाल्यानंतर मुंबई प्रांतातील अशा क्षेत्रांच्या पाहणीसाठी सिमिंग्टन यांना विशेष अधिकारी नेमण्यात आले.

अहवाल आणि विलंब

१९३८-३९ च्या या अहवालात सावकार, जमीनदार व जंगल ठेकेदार यांच्याकडून होणारी पिळवणूक निःसंदिग्ध शब्दांत नोंदविली आहे. लग्नासाठी घेतलेल्या अल्प कर्जापोटी वर्षानुवर्षे धन्याकडे राबणारा ‘लग्नगडी’ आणि सक्तीची वेठ यांचे चित्र शासनापुढे प्रथमच इतक्या स्पष्टपणे आले. मात्र नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व अंमलबजावणी लांबली. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील वारली वेठ व लग्नगडी पद्धतीविरुद्ध उभे राहिले. अहवालाने दाखविलेले दुखणे सहा वर्षांनंतरही कायम होते.

फलश्रुती

१९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. कूपतोडीचे काम ठेकेदाराऐवजी मजुरांच्या संस्थेस देण्याचे हे धोरण या अहवालाचेच फलित मानले जाते. आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा राज्याचा कायदा १९७४ मध्ये, तर वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा १९७६ मध्ये झाला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार दिले.

सत्य निर्भीडपणे नोंदविणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य होय. त्या नोंदीवर वेळीच कृती होणे ही शासनयंत्रणेची जबाबदारी होय. आज हरसूलसारख्या भागात ग्रामसभेच्या इतिवृत्तात उतरणारी प्रत्येक तक्रार हाही एक छोटा अहवालच आहे. ती कागदावरच राहू न देणे, हेच सिमिंग्टन यांच्या कार्याचे खरे स्मरण ठरेल.