अंगभर पदर, गळ्यात लावणी

जत्रा भरली की देवळापुढच्या कर्ण्यावर रेकॉर्ड लागायची. ढोलकी कडाडली की गडीमाणसं खुशीत यायची. बायाबापड्यांचे कान तिकडंच असायचे, पण ओठाला पदर लावलेला! लावणी फडातली, आपल्या घरातली नव्हे, असंच तेव्हा सारे मानत.

वाचकहो, कर्ण्यावरचा तो ठसकेबाज आवाज बहुतेक वेळा सुलोचना चव्हाण यांचा असायचा. पण ही बाई फडातली नव्हती बरं का! त्यांचा जन्म मुंबईत, १९३३ सालचा. माहेरचं आडनाव कदम. पोरवयातच त्या हिंदी सिनेमात गाऊ लागल्या. १९५१ सालच्या ‘ढोलक’ चित्रपटातली त्यांची गाणी गाजली. पुढं दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी लग्न झालं. शब्द कुठं तोडायचा, कुठं जोर द्यायचा, हे लावणीचं शिक्षण त्यांना घरातच मिळालं, नवऱ्याकडून.

१९६२ साली ‘रंगल्या रात्री अशा’ आला. कोल्हापूरचे शिक्षक जगदीश खेबूडकर यांनी लावणी लिहिली, वसंत पवार यांनी चाल बांधली आणि बाईंनी ती घरोघर नेली. १९६४ साली ‘सवाल माझा ऐका’ आला. पडद्यावर नाचल्या जयश्री गडकर, पण गळा बाईंचा. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं.

मंचावर मात्र बाई अंगभर पदर घेऊन उभ्या राहत. ना हातवारे, ना डोळे मोडणं. लाडिकपणा, रुसवा, ठसका, जे काय दाखवायचं ते आवाजानं. म्हणून तर सासूसुनाही शेजारी बसून लावणी ऐकू लागल्या.

२०२२ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. त्याच वर्षी १० डिसेंबरला, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या.

आता एक विचारू? अंगभर पदर घेऊन लावणी गाणाऱ्या बाईला आपण मान दिला, चांगलंच केलं. पण तीच लावणी पायात चाळ बांधून, रात्र रात्र फडात उभी राहून, पोटासाठी गाणारी बाईही कुणाची लेक आहे. पुढच्या जत्रेत तमाशा आपल्या गावी आला, तर मायबहिणींनो, तिलाही घोटभर चहा द्या आणि ताई म्हणून हाक मारा.