माघातली भिंत

घराला बाहेरून रंग द्यायचा म्हटलं की नांदगावात लोकांच्या तोंडी दिवाळीच येते. आमच्या उस्तादांच्या तोंडी मात्र माघ असायचा. संक्रांत सरते, थंडीचा जोर ओसरतो, दुपारचं ऊन अंगाला बरं वाटतं पण पोळत नाही. असे जे थोडे आठवडे मिळतात, ते बाहेरच्या भिंतींचे. मी हे काम त्यांच्या हाताखाली शिकलो आणि आजही मला त्यांचंच म्हणणं पटतं.

आश्विनात भिंत वरून कोरडी दिसते, पण आत पावसाळा मुरलेला असतो. एका वर्षी एक मालक अडूनच बसले, वसुबारसेच्या आत घर झळकलं पाहिजे. उस्तादांनी वाद घातला नाही. प्लास्टिकचा हातभर तुकडा घेतला, पश्चिमेच्या भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टी मारून डकवला आणि “नाना, उद्या सकाळी तुम्हीच काढून बघा,” एवढं सांगून निघाले. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब धरलेले. “भिंत अजून पाणी पिऊन बसलीय. वरून रंग चढवला तर हे पाणी जाईल कुठं?” नानांना दिवाळी चुकवायची नव्हती, त्यांनी दुसरी माणसं लावली. होळीपर्यंत त्या भिंतीला पोपडे धरले आणि पुढच्या माघात खरवडायला आम्हीच गेलो.

माघाची बाकीची कारणं शेतातली आहेत. लाल कांद्याचे पैसे याच सुमारास घरात येतात, त्यामुळे मालकाचा हात मोकळा असतो. फाल्गुन संपता संपता उन्हाळ कांदा काढणीला येतो आणि आमच्या हाताखालची पोरं शेतात जातात, मग परांचीवर चढायला माणूस मिळत नाही. आणि पाणी! बाहेरची भिंत आधी धुवावी लागते. सिमेंटच्या रंगाचे दिवस होते तेव्हा तर रंगाआधी भिंत भिजवायची आणि रंग धरल्यावरही पाणी मारायचं, नाहीतर हात लावला की पूड निघायची. नांदगाव तालुक्यात वैशाखात टँकरची वाट बघणाऱ्या घरी भिंतीवर पाणी मारा म्हणायला जीभ रेटत नाही.

आम्ही सात वाजता कामावर हजर असायचो, पण रंगाचा डबा नऊच्या आत उघडायचा नाही. मालकांना वाटायचं, मजूर चहा पीत दिवस काढतायत. एका आबांनी हे तोंडावर बोलून दाखवलं, तेव्हा उस्तादांनी त्यांचा हात धरून तळवा भिंतीवर टेकवला. आबांनी तो झटकन मागे घेतला, इतकी ती गार होती. भिंत साधारण १० अंशांच्या खाली असली तर आताच्या इमल्शनचा पापुद्रा एकजीव होत नाही. वाळल्यासारखा दिसतो आणि पहिल्या पावसात उघडा पडतो. म्हणून सकाळी घासायचं, तडे भरायचे, लांबी म्हणजे पुट्टी ओढायची. हवेत ऊब आली की पश्चिमेची भिंत घ्यायची, कारण तिच्यावर अजून ऊन आलेलं नसतं. दुपारी पूर्वेची, तिचं ऊन तोवर सरलेलं असतं. साडेचारनंतर रोलर धुऊन टाकायचा, म्हणजे रात्रीच्या गारठ्याआधी रंग वाळतो. सगळ्यात अवघड दक्षिणेची. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे तिच्यावर दिवसभर ऊन असतं. रंग ओला असतानाच शेजारचा पट्टा त्याला मिळाला नाही, तर जोड कायमचा दिसतो. तिथं उस्ताद दोघांना एकदम लावायचे, एक वर, एक खाली, आणि मधे कुणी विडी ओढायला थांबलेलं त्यांना चालत नसे.

उस्तादांची उमेदवारी चुन्यात गेली होती. चुना रात्रभर पिंपात विरवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ. चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश दगडासारखा धरतो, म्हणून त्यालाही भर उन्हाची घाई सोसत नाही. बाहेरच्या भिंतीचा रंग म्हटलं की मला वेरूळ आठवतं. तिथलं कैलास लेणं आठव्या शतकातलं. त्याच्या बाहेरच्या अंगाला जुन्या गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष अजून आहेत, आणि आसपासचे लोक त्याला रंगमहाल म्हणत. मनमाडहून औरंगाबादला रेल्वे जाण्यापूर्वी वेरूळला निघालेले प्रवासी उतरायचे ते आमच्या नांदगाव स्टेशनवर. रंगमहालाची वाट आमच्या गावावरून जायची, याचा आम्हा रंगाऱ्यांना अभिमान वाटतो.

रंग निवडण्यावरून घरात होणाऱ्या कुरबुरी आम्ही खूप पाहिल्या. कार्डावरचा बोटभर तुकडा आणि उन्हातली अख्खी भिंत यांचं जमत नाही, बाहेर तोच रंग उजळ आणि फिका दिसतो. एका घरी सासूबाईंना बदामी हवा होता, सूनबाईंना मोरपंखी. उस्तादांनी दोन्हींचे दोन-दोन हात चौकोन भिंतीवर मारले आणि सकाळी, दुपारी, दिवेलागणीला बघायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, मोरपंखी राहू द्या, पण कडेच्या पट्ट्या बदामी करा. घर देखणं झालं.

एक काम मात्र मनातून जात नाही. दाराशेजारी मुलीच्या लग्नातला ‘शुभ विवाह’ लिहिलेला होता, गणपती, नवरा-नवरीची नावं, तारीख. ऑइल पेंटची अक्षरं, त्यावर पाण्याचा रंग धरत नाही, म्हणून मी पॉलिश पेपर घेऊन घासायला गेलो. मावशी धावत आल्या. “तेवढं राहू दे रे बाबा.” मुलगी लांब दिली होती, येणं वर्षातून एकदा. उस्तादांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला, सुतळीनं चौकट आखली, भोवती गेरूच्या रंगाची महिरप काढली आणि बाकीची भिंत नवी केली. महिरपीची मजुरी लावली नाही.

पैशांच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता, जो मी दुसऱ्या कुठल्या ठेकेदाराकडे पाहिला नाही. शेवटची रक्कम मृगाचा पाऊस पडून गेल्यावरच घ्यायची. उरलेला रंग झाकण घट्ट ठोकून मालकाच्या माळ्यावर ठेवायचा. पाऊस झाला की ते सायकलवर निघत, प्रत्येक घराच्या भोवती एक फेरी, छज्ज्याखाली, खिडक्यांच्या कोपऱ्यात बोट फिरवत. एकदा एका छज्ज्याखाली ओल दिसली, केसाएवढा तडा राहिला होता. मालक पैसे घेऊन बाहेर आले. “आता नुसता तडा भरून देतो,” उस्ताद म्हणाले, “रंग माघात. पैसेही तेव्हाच द्या.” मालकांनी बराच आग्रह केला. उस्तादांनी चहा घेतला, पैसे घेतले नाहीत, आणि माघात माळ्यावरचा डबा उतरवून तेवढा हातभर तुकडा रंगवून आले.