घासाघासाचा आयुष्यभराचा हिशेब

साखरविरहित च्युइंगमच्या पाकिटावर किंवा ‘डाएट’ शीतपेयाच्या डब्यावर बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते. फिनाइलकिटोन्युरियाच्या रुग्णांसाठी हे उत्पादन योग्य नाही, असा तिचा आशय. हा लांबलचक शब्द वाचण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. ज्यांच्यासाठी ही सूचना असते त्यांना मात्र ती ठाऊक असते. त्यांच्या दृष्टीने च्युइंगम टाळणे सोपे. अवघड असते ते रोजच्या ताटातील वरण, उसळ, दही आणि भाकरी यांना नकार देणे, आणि तेही जन्मभर.

‘पीकेयू’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा हा विकार आनुवंशिक आहे. अन्नातील प्रथिनांमध्ये फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल असते. यकृतातील एक एन्झाइम त्याचे टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करते. पीकेयूच्या रुग्णांमध्ये हे एन्झाइम सदोष असते. त्यामुळे फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात साचते आणि मेंदूला अपाय करते. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच विकार होतो. असे जनुक बाळगणारे आईवडील स्वतः निरोगी असतात. मात्र त्यांच्या प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारात एक असते.

पथ्य सोडल्याचे परिणाम

नॉर्वेतील डॉ. आस्ब्यर्न फोलिंग यांनी १९३४मध्ये हा विकार प्रथम ओळखला. त्यावर आहाराचा उपाय १९५०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे डॉ. होर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर करता येणारी चाचणी रूढ केली. जन्मानंतर लगेच निदान आणि लगेच पथ्य, या सूत्राने असंख्य मुलांचे बौद्धिक अपंगत्व टळले.

यातून एक गैरसमज मात्र निर्माण झाला. मेंदूची मुख्य वाढ झाली की धोका संपतो, असे मानून अनेक देशांत मुलांचे पथ्य शालेय वयातच थांबविले जात असे. ही मुले मोठी झाल्यावर त्यांच्यापैकी अनेकांत एकाग्रतेचा अभाव, चिंता, औदासीन्य, तर काहींत हातांना कंप अशा तक्रारी दिसू लागल्या. पथ्य आयुष्यभर पाळावे, हा आजचा वैद्यकीय सल्ला या अनुभवातून आला आहे. २०१७च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार बारा वर्षांवरील रुग्णांच्या रक्तातील फिनाइलअ‍ॅलनिन लिटरमागे १२० ते ६०० मायक्रोमोल या मर्यादेत असावे. अमेरिकेतील तज्ज्ञ वरची मर्यादा ३६०च ठेवतात.

प्रौढ रुग्णाची खरी कोंडी येथेच आहे. फिनाइलअ‍ॅलनिन वाढले की प्रथम फटका बसतो तो एकाग्रता, नियोजन आणि मनाचा उत्साह यांना. पथ्य सांभाळण्यासाठी नेमके हेच गुण लागतात. हिशेब थोडा चुकला की रक्तातील प्रमाण वाढते, ते वाढले की हिशेब ठेवणे आणखी कठीण होते. बाहेरून पाहणाऱ्याला तो निव्वळ आळस किंवा बेफिकिरी वाटते. चांगली बाब अशी, की लहानपणी निदान झालेल्या अनेक प्रौढांना पथ्याकडे परतल्यावर या तक्रारींत आराम पडतो.

ताटातील गणित

साठ किलो वजनाच्या निरोगी प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. तीव्र स्वरूपाच्या पीकेयूमध्ये अन्नातून साधारण पाच ते दहा ग्रॅमच प्रथिने झेपतात. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते आणि ती रक्ततपासणीवरूनच ठरते. एक ग्रॅम प्रथिनांत साधारण ५० मिलिग्रॅम फिनाइलअ‍ॅलनिन असते, असे धरून हिशेब मांडला जातो.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहावे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दोन भाकऱ्यांत दिवसाचा वाटा संपला. ३० ग्रॅम तूरडाळीत सहा ग्रॅमहून अधिक, एका अंड्यात सहा ग्रॅम आणि पेलाभर दुधातही तेवढीच. मांस, मासे, पनीर, डाळी, कडधान्ये व शेंगदाणे वर्ज्यच ठरतात. केवळ शाकाहारी असल्याने या रुग्णाचे भागत नाही. भात आणि बटाटा मोजून घेता येतो. बहुतेक फळे व अनेक भाज्या, साखर, तूप, तेल यांची मुभा असते.

या यादीत मराठी घरातला एक जुना परिचित मात्र उपयोगी पडतो, तो म्हणजे साबुदाणा. त्यात प्रथिने नगण्य असतात. शेंगदाण्याचे कूट न घालता, जिरे, मिरची, बटाटा आणि खोबऱ्याच्या मोजक्या किसावर केलेली खिचडी या रुग्णाचे पोट भरू शकते. पण उपवासाचे सारेच पदार्थ चालतात, असे नव्हे. राजगिऱ्यात प्रथिने भरपूर असतात आणि वरीही भातासारखी मोजूनच घ्यावी लागते. उपाशी राहणे तर घातकच. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळाली नाही तर ते स्वतःच्याच स्नायूंतील प्रथिने मोडते आणि फिनाइलअ‍ॅलनिन आतूनच वाढते. कडक उपवास, झटपट वजन घटविण्याचे प्रयोग किंवा ताप, यांमुळे एकही वर्ज्य घास न खाता रक्ततपासणी बिघडू शकते.

उरलेल्या प्रथिनांची गरज फिनाइलअ‍ॅलनिनविरहित अमिनो आम्लांच्या विशेष मिश्रणातून भागवावी लागते. त्यात टायरोसिन, जीवनसत्त्वे व खनिजेही असतात. त्याची चव व वास अनेकांना नकोसा वाटतो. तरीही ते दिवसातून तीन-चार वेळा विभागून घेणे श्रेयस्कर. कार्यालयात चारचौघांत ते पिणे टाळले जाते आणि तेथेच पथ्य ढासळते. प्रथिनेही नाहीत आणि मिश्रणही नाही, अशा स्थितीत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होऊ शकते.

मातृत्वापूर्वी दक्षता

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. गर्भवतीच्या रक्तात फिनाइलअ‍ॅलनिन वाढलेले असेल, तर ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. बाळाला स्वतःला पीकेयू नसला तरी त्याचे डोके लहान राहणे, बौद्धिक अपंगत्व व हृदयदोष संभवतात. १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीत, रक्तातील प्रमाण अतिशय जास्त असलेल्या मातांच्या दहापैकी नऊहून अधिक मुलांत बौद्धिक अपंगत्व आढळले होते. म्हणून गर्भधारणेच्या आधीपासूनच प्रमाण १२० ते ३६० या मर्यादेत आणावे लागते. अशा काटेकोर पथ्यावर निरोगी बाळे जन्माला येतात.

औषधांची साथ आता मिळू लागली आहे. अमेरिकेत २००७मध्ये मान्यता मिळालेले सॅप्रोप्टेरिन काही रुग्णांनाच लागू पडते. २०१८मध्ये प्रौढांसाठी पेगव्हॅलिएज हे इंजेक्शन आले; त्यामुळे काहींना पथ्य बरेच सैल करता येते, परंतु तीव्र अ‍ॅलर्जीचा धोका असतो. २०२५मध्ये सेपियाप्टेरिनची भर पडली. तरीही बहुसंख्य रुग्णांचा आधार आहारच आहे.

भारतात नवजात बालकांची देशव्यापी सक्तीची तपासणी नाही. गोव्यात २००८मध्ये सरकारी रुग्णालयांत असा कार्यक्रम सुरू झाला होता. केंद्राच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात विशेष आहाराने नियंत्रणात राहणाऱ्या विकारांमध्ये पीकेयूचा समावेश आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. ज्यांचे पथ्य बालपणानंतर सुटले, त्यांनी मनाने प्रयोग न करता चयापचय विकारांचे तज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच पुन्हा सुरुवात करावी.

आप्तेष्टांनाही यात वाटा उचलता येईल. पंगतीत आग्रह करून वाढण्याची आपली रीत आहे. ‘एवढ्याशा बासुंदीने काय होते?’ हा प्रश्न प्रेमापोटीच विचारला जातो. पण दिवसाला पाच ग्रॅम प्रथिने झेपणाऱ्या माणसाच्या हिशेबात ती एवढीशी वाटी मोठी असते. त्याने हात आडवा धरला, तर तो नकार मान्य करावा.